नव्या बोर्डावर जुनी विंडोज ७ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या दुकानातल्या संगणकाचा जुना मदरबोर्ड गेला. त्याजागी इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि एच११० बोर्ड बसवला. पेनड्राइव्हवरून विंडोज ७ टाकायला घेतली, तर भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस बंद पडतात. बायोसमध्ये मात्र दोन्ही चालतात. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कीबोर्ड बिघडलेला नाही. बायोस म्हणजे बोर्डातच असलेलं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर. तिथे यूएसबी सांभाळायचं काम ते स्वतःच करतं. सेटअप सुरू झाला की हे काम विंडोजकडे जातं, आणि २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. २०१५ पर्यंतच्या बोर्डांवर सोबत यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर असायचा, म्हणून निभावत होतं. इंटेलने १०० सिरीजच्या चिपसेटमधून (बोर्डावरची मुख्य चिप; तुमचा एच११० याच सिरीजचा) तो काढून टाकला. त्यामुळे यूएसबी २ च्या काळ्या पोर्टमध्ये लावून बघण्याचाही उपयोग नाही, तोही आतून यूएसबी ३ च्याच कंट्रोलरला जोडलेला असतो. पेनड्राइव्हही दिसेनासा होतो आणि सेटअप ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश देतो. त्याला भुलून डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसू नका.

बोर्डावर कीबोर्डचं गोल पीएस/२ पोर्ट असेल तर सर्वांत सोपी वाट अशी : पीएस/२ कीबोर्ड लावा, साटा केबलचा (हार्ड डिस्कसारखा थेट बोर्डाला जोडायचा) डीव्हीडी रायटर जोडा आणि मूळ डीव्हीडीवरून सरळ इन्स्टॉल करा. या दोन्हींना यूएसबी लागत नाही. इंटेलचा यूएसबी ३ चा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर आणि बोर्डाचा लॅन ड्रायव्हर आधीच सीडीवर लिहून ठेवा. पेनड्राइव्हवर ठेवलेत तर तो वाचणार कशाने?

डीव्हीडी रायटर नसेल तर ड्रायव्हर सेटअपमध्ये मुरवावा लागतो. बहुतेक बोर्ड कंपन्यांनी त्या काळात यासाठी छोटं टूल दिलं होतं. आपल्या बोर्डाच्या सपोर्ट पानावर ते आधी शोधा. हाताने करायचं तर विंडोज १० च्या संगणकावर डीव्हीडीतल्या सगळ्या फाइली एका फोल्डरात घ्या आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम’ (DISM, विंडोजच्या इमेज फाइलींत बदल करणारी कमांड) वापरा. ‘सोर्सेस’ फोल्डरातल्या बूट-विमची (boot.wim, सेटअप सुरू करणारी फाइल) दुसरी इमेज माउंट करायची, म्हणजे फोल्डरासारखी उघडायची, ड्रायव्हर घालायचा, ‘कमिट’ देऊन अनमाउंट करायची. मग इन्स्टॉल-विममधल्या (install.wim, डिस्कवर जाणारी प्रत्यक्ष विंडोज) आपल्या आवृत्तीच्या इमेजवर तेच करायचं. इथे तीन चुका हमखास होतात. ‘कमिट’ विसरलं की सगळं वाया. फक्त बूट-विममध्ये ड्रायव्हर घातला तर सेटअप नीट चालतो, पण रीस्टार्टनंतर नाव-पासवर्डच्या पडद्यावर कीबोर्ड पुन्हा गप्प. आणि ड्रायव्हरमध्ये कंट्रोलरची एक व हबची एक अशा दोन आयएनएफ फाइली असतात. दोन्ही घाला, तेही ६४ बिटच्या सेटअपला ६४ बिटच्याच.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. अपडेटही मुरवत असाल तर इन्स्टॉल-विम ४ जीबीच्या वर जाऊ शकते, आणि एवढी फाइल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसत नाही.

प्रश्न : सेटअप चालतो, पण एनव्हीएमई एसएसडी यादीत येत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : एनव्हीएमई ही एसएसडी जोडायची नवी, वेगवान पद्धत विंडोज ७ ला मुळात ठाऊक नाही. मायक्रोसॉफ्टचे केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स (दुरुस्तीचे छोटे अपडेट) वरच्याच पद्धतीने दोन्ही विम फाइलींत घातले की डिस्क दिसते. पण दिसणं आणि तिच्यावरून बूट होणं यात अंतर आहे. बहुतेक एनव्हीएमई फक्त यूईएफआयमधूनच (बायोसची नवी पद्धत) बूट होतात. म्हणजे ६४ बिट विंडोज, जीपीटी डिस्क (विभागणीची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सही नसलेल्या सॉफ्टवेअरला अडवणारी सोय) बंद, आणि तरीही सीएसएम (जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय) चालू, कारण विंडोज ७ चा सुरुवातीचा पडदा जुन्या व्हीजीए बायोसवर अवलंबून आहे. डिस्क जीपीटी असल्याने तिच्यावर इन्स्टॉल करता येत नाही अशी तक्रार सेटअपने केली, तर पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने बूट झाला आहे. बूट मेनूत नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडा.

आमचं मत विचाराल तर एवढा खटाटोप करू नका. विंडोज ७ साठी २४० जीबीची साधी साटा एसएसडी लावा, बायोसमध्ये एएचसीआय (साटा डिस्कचा नेहमीचा मोड) ठेवा. कामात फरक जाणवणार नाही.

प्रश्न : इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर ‘स्टार्टिंग विंडोज’ला अडकतं. बायोसमध्ये सीएसएम चालूच होत नाही.

उत्तर : या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्ससोबत सीएसएम मिळत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून पुढे सरकाल, पण अंगभूत ग्राफिक्सचा विंडोज ७ साठी ड्रायव्हर नाही, नव्या लॅन आणि वाय-फायचीही तीच रड. सोडून द्या, पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आम्हाला फक्त पेजमेकर आणि डोंगलवर (कॉपी रोखण्यासाठी पोर्टला लावायच्या किल्लीवर) चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर हवंय. त्यासाठी विंडोज ७ च टाकावी लागेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : टाका, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात. विंडोज १० किंवा ११ वर त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात विंडोज ७ ला २ कोर, ३ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क पुरते. वर सांगितलेल्या अडचणी इथे येतच नाहीत, कारण आतल्या विंडोजला दिसतं ते जुन्या धाटणीचं आभासी हार्डवेअर. ३२ बिट आवृत्ती निवडा. सॉफ्टवेअर किंवा त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही.

यूएसबी डोंगल असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये त्याचा यूएसबी फिल्टर (डोंगल आतल्या विंडोजला देणारी नोंद) बनवा आणि डोंगलचा ड्रायव्हर आतल्या विंडोजमध्ये टाका. प्रिंटर पोर्टचं जुनं डोंगल मात्र खरी डोकेदुखी आहे. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते. डोंगल शोधणारं सॉफ्टवेअर सरळ ३७८ या हेक्स पत्त्यावर बोलतं आणि तो पत्ता केबल देत नाही. विक्रेत्याकडे यूएसबी डोंगल बदलून मागणं हाच त्यातला शहाणा मार्ग.

सगळं नीट चाललं की लगेच स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या आणि आतलं नेटवर्क बंद करा. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. जीएसटी, बँक, ईमेल बाहेरच्या विंडोजमध्येच ठेवा, फाइली शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर करा. लायसन्सकडेही बघा : संगणकासोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हलवता येतं.

प्रश्न : सातव्या पिढीच्या संगणकावर विंडोज ७ बसली, पण अपडेट घेताना ‘अनसपोर्टेड हार्डवेअर’ येतं.

उत्तर : इंटेलची सातवी पिढी आणि एएमडी रायझन यांवरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये मुद्दाम अडवले, त्यामुळे बिघाड शोधू नका. अपडेट हाताने घालणार असाल तर सर्व्हिस पॅक १ नंतर आधी केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९ टाका. २०१९ च्या मध्यापासूनचे अपडेट शा-२ या नव्या पद्धतीच्या डिजिटल सहीचे आहेत आणि या दोन्हींशिवाय ते विंडोज ७ ला ओळखता येत नाहीत.