घड्याळातला गुणाकार कुठे अडतो?

प्रश्न : घड्याळाच्या १२ आकड्यांचा बेरजेखाली ‘गट’ होतो, गुणाकाराखाली होत नाही. असं का?

उत्तर : गट म्हणजे काही घटक आणि त्यांना जोडणारी एक क्रिया. अटी चार : उत्तर संचाबाहेर जाऊ नये, कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच यावं, काहीच न बदलणारा एक घटक असावा, आणि प्रत्येकाला त्याचं केलेलं पुसणारा जोडीदार असावा. घड्याळात ९ + ५ = २; १२ म्हणजे शून्य, ५ चा जोडीदार ७. बेरीज चारही अटी पाळते.

गुणाकार चौथ्या अटीवर अडतो. इथे काहीच न बदलणारा घटक १, म्हणून जोडीदाराशी गुणल्यावर १ यायला हवा. शून्य बादच, कारण त्याला कशानेही गुणलं तरी शून्यच; पण ते काढूनही भागत नाही : ३ × ४ = १२, म्हणजे पुन्हा शून्य! ४ ला कशानेही गुणा, उत्तर ०, ४ किंवा ८ येतं. १ कधीच नाही. त्यामुळे ४ ने केलेला गुणाकार उलटवता येत नाही. दोष ४ आणि १२ यांच्या १ पेक्षा मोठ्या सामाईक विभाजकाचा, म्हणजे दोघांनाही निःशेष भागणाऱ्या संख्येचा. १२ शी असा विभाजक नसलेले १, ५, ७, ११ एवढेच घ्या, त्यांचा मात्र सुंदर गट होतो : ५ × ५ = २५, म्हणजे १. इथे प्रत्येक जण स्वतःचाच जोडीदार आहे. घड्याळ ७ तासांचं केलं तर १ ते ६ सगळेच चालतात, कारण ७ मूळ संख्या आहे.