मैत्रिणीचं अंगण, अंदमानातलं

प्रश्न: ताई, माझी हॉस्टेलची मैत्रीण लग्न होऊन अंदमानात नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) गेली, सासर बंगाली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परभणीहून तिच्याकडं चाललोय. अंगणात कोंबड्या, बदकं, शेळ्या सगळं आहे म्हणं, पोरं तर व्हिडिओ कॉलवरच कोंबड्यांना नावं द्यायलीत. आम्ही मटण-चिकन खातो पण माशाची सवय नाही. जमेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर: जमेल की. बंगाली घरात दुपारी भात अन् माशाचं पातळ झोल म्हणजे रस्सा असतं, ते मोहरीच्या तेलातलं, त्यामुळं नवख्या माणसाला मासा कमी अन् तेलच जास्त झोंबतं. पहिल्या दिवशी सुरमई सांगा, काट्यांची कटकट कमी. अन् नाहीच जमलं तर नीलला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात, भोपळ्याच्या फुलांची भजी मिळाली तर सोडू नका. सोबत काळं तिखट अन् शेंगदाण्याची चटणी न्या, मैत्रीण तुमच्यापेक्षा त्यांचीच जास्त वाट बघत असणार!

आता खरा घोळ नावं दिलेल्या कोंबड्यांचा. पाहुणे आले की कोंबडं कापायचं ही रीत आपल्याकडं तशी तिथंही असणार, अन् पोरांनी नाव दिलेलं कोंबडंच ताटात आलं तर पोरं रडणार, मैत्रीण बिचारी ओशाळणार, म्हणून निघायच्या आधीच तिला फोनवर सांगून टाका, यात लाजायचं काय? पण पोरांपासून लपवूही नका, अंगणातल्या कोंबड्या अंड्यासाठी अन् खाण्यासाठीच पाळतात हे त्यांना कळू द्या की.

तिथं घड्याळ आपलंच पण सूर्य लवकर, पाचच्या सुमारास उजाडतं अन् संध्याकाळी पाचच्या सुमारासच मावळतो, म्हणून अंगणाची मजा सकाळीच. बदकं बहुतेक अंडी रात्री नाहीतर पहाटेच घालतात, खुराडं उघडून ती गोळा करायचं काम पोरांना द्या, नंतर साबणानं हात धुवायला लावा. आखूड पायांची, गोलमटोल निकोबारी कोंबडी दिसली तर नीट बघून घ्या, ती तिकडचीच जात, जशी आपली उस्मानाबादी शेळी. अन् हो, शेळ्यांना लाडानं भात-बिस्किटं चारू नका, पोट फुगून जनावर दगावतं, पालाच बरा.

किनाऱ्यावरचं प्रवाळ खिशात घालू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, अन् विमानतळावर बॅगा तपासतात.