कॅथलिक शाळेतला तास आणि नौपाड्यातल्या आजी

बर्मिंगहॅमहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी तिथल्या कॅथलिक माध्यमिक शाळेत शिकते. पीएसएचई, म्हणजे वैयक्तिक, सामाजिक आणि आरोग्य शिक्षण, या विषयात पुढच्या सत्रात काय शिकवणार हे शाळेने घरी कळवले; त्यात लैंगिक शिक्षणही आहे. ते ऐकून ठाण्याला नौपाड्यात राहणाऱ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बजावले, ‘‘पोरीला त्या तासाला बसवू नका.’’ शाळेत नको ते सांगतील, आणि वर आपला धर्मही बदलायला लावतील, ही त्यांची धास्ती.

ताई, आधी कायदा पाहू. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून माध्यमिक शाळांना नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण देणे बंधनकारक आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांना आरोग्य शिक्षणही. यातून मुलीला काढून घेण्याचा पालकांचा हक्क फक्त लैंगिक शिक्षणाच्या भागापुरता आहे. शिवाय सोळावा वाढदिवस तीन सत्रांवर आला, की त्या भागाला बसायचे की नाही हे मुलगी स्वतः ठरवू शकते. मासिक पाळी, वयात येणे, मनःस्वास्थ्य हे आरोग्य शिक्षणात येते. त्यातून सूट मिळत नाही आणि माझ्या मते ती मागूही नये.

धर्माचे म्हणाल, तर कॅथलिक शाळा विवाह, गर्भनिरोधन यांविषयी चर्चची शिकवण सांगणारच, ते तिचे ब्रीद आहे; पण देशाचा कायदा काय म्हणतो हेही शाळेला सांगावे लागते. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलीला बसवायचे नसेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. ठाण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आम्हा मराठी मुलींना हे नवे नाही. कॅथलिक मुली कॅटेकिझमला जात आणि आम्ही मॉरल सायन्सला. शुभंकरोती आमच्या घरी तरीही रोज होत असे.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची वाटते. आम्ही सातवीत असताना एके दिवशी मुलांना मैदानावर पिटाळून मुलींना हॉलमध्ये बसवले, पडदे ओढले, अर्ध्या तासाची फिल्म दाखवली आणि प्रश्न विचारू न देता वर्गात परत पाठवले. घरी आईने ‘कावळा शिवला’ एवढेच म्हटले, आणि गोखले रोडवरच्या दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेले पाकीट माझ्या हातात ठेवले. त्या गुंडाळलेल्या कागदाने मला जे शिकवले, ती लाज काढून टाकायला पुढे कित्येक वर्षे गेली. तुमच्या मुलीला शाळेत निदान प्रश्न विचारता येतील. मात्र ते सारे ती इंग्रजीतच शिकेल, आणि त्यासाठी घरात मराठी शब्द नसतील, तर आजीशी ती त्यावर कधी बोलणारच नाही.

तेव्हा शाळेचे लेखी धोरण वाचा, धड्यांचे साहित्य पाहायला मागा, शंका असल्यास वर्गशिक्षकांना लेखी विचारा. आणि रविवारच्या फोनवर सासूबाईंना विचारा, की त्यांना पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कोणी काय सांगितले होते. त्या वेळी नातीला शेजारी बसवा.