पेरणीच्या तोंडावर 51 हजारांचं ग्रिल घेऊ का? दारव्ह्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ह्या भाऊंची दारव्हा तालुक्यात 5 एकर कोरडवाहू आहे, 3 एकर कापूस अन् 2 एकर सोयाबीन, शिवाय तालुक्याला एका मेडिकलवर 19,000 पगाराची नोकरी, खात्यात शिल्लक 11,000. मे महिन्यात पुण्याहून लहान भाऊ बायको-पोट्ट्यांसकट येणार आहे, पोट्ट्यांनी तिकडं कुठंतरी गॅसवालं मोठं ग्रिल पाहिलं, तर हे भाऊ तसंच आपल्या वाड्यात लावू म्हणतात म्हणजे पोट्टे दर उन्हाळ्यात हक्कानं गावी येतील. ग्रिल 34,800 चं, महिना 2,900 चे 12 हप्ते "नो कॉस्ट", ओटा अन् टिनाचं शेड 13,000, कव्हर-चिमटे-ब्रश 3,500. झाले 51,300.

पहिले हे सांगतो की तुमचा विचार मले फालतू वाटत नाही. भावाची पोरं गावाला बांधून ठेवणं ह्यासाठी पैसा खर्च करावा, जरूर करावा. माझा आक्षेप फक्त कोणत्या महिन्यात अन् कोणाच्या पैशानं यावर आहे.

हप्त्याचं पाहा. तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर दुकानदार हेच ग्रिल 31,500 ला देतो. मग वरचे 3,300 कशाचे? ते व्याजच आहे भाऊ, फक्त नाव नाही दिलं. हिशेब मांडला तर वर्षाला 19 टक्क्यांच्या आसपास जातं, प्रोसेसिंग फी वेगळीच. रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठंतरी लपवलेलं असतं. दुसरीकडे तुमचं 1,20,000 चं पीककर्ज, ते वेळेत फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. आता मे पासून 12 हप्ते मोजा, पुढच्या मार्चचं पीककर्जाचं भरणं त्याच्यातच येतं. तेव्हा 10-15 हजार कमी पडले अन् तारीख हुकली तर ही सवलत गेली, मग ग्रिल 51 हजारांचं राहत नाही.

आता खरी गोष्ट, पेरणी. नवं पीककर्ज हातात पडायला जुलै उजाडतो म्हणता, म्हणून जूनच्या 28 हजारांच्या खर्चातले 15 हजार दरवर्षी उधारीवर उचलता अन् दिवाळीला 18 परत देता. माझी नजर तर इथंच अडकली. कपाशीचं पाकीट 900 च्या घरात, एकरी 2 धरले तर 6 पाकिटं, डीएपी खताची बॅग 1,350 ला, सोयाबीनचं बियाणं, ट्रॅक्टर, डवरण, फवारणी, हे सगळं त्याच 30-40 दिवसांत येतं अन् तुम्ही नेमकं तेव्हाच हात रिकामा करून बसणार, म्हणजे यंदा उधारी 15 ची 28 पर्यंत जाणार. कापसाच्या भाषेत सांगू? 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, त्या भावानं 51,300 म्हणजे सव्वासहा क्विंटलच्या वर कापूस, अन् वेचणी-निंदणीचा खर्च तर अजून काढलाच नाही.

अन् वापर किती होईल? मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 ला टेकतो, सात वाजेपर्यंत अंगणात पाय ठेववत नाही. मग पावसाळा. विस्तवाजवळ बसायचे आपले दिवस म्हणजे हिवाळ्याचे, हुरड्याचे, रोडग्याचे. शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा फोडून त्यात तूप सोडलं, संगं वांग्याची भाजी, तर पुण्याच्या पोट्ट्यांना ते कोणत्या ग्रिलवर भेटणार सांगा. गॅसवालं तीन बर्नर फुल ठेवले तर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस ओढतं, अन् घरचं दुसरं सिलिंडर तिकडं लावलं की स्वयंपाकाच्या ऐन वेळी वहिनी अडकतील. एका ओळखीच्यांकडं असं ग्रिल दोन पावसाळे कव्हरखाली पडलं, काढलं तर बर्नरच्या नळीत कोळ्यांनी जाळी केलेली, ज्योत मागं येऊन नॉब वितळला.

मी तुमच्या जागी असतो तर वेल्डिंगवाल्याकडून अर्ध्या ड्रमचं कोळशाचं करून घेतलं असतं. पाय, जाळी, दांडी धरून 3,000-3,500 पर्यंत बसावं, 10 किलो बाभळीचा कोळसा अन् लांब चिमटा धरला तरी 5,000 च्या आत, रोख, हप्ता नाही. शेड लागत नाही, पावसाळ्यात ओसरीत ओढून घ्या. फक्त ड्रम खाद्यतेलाचाच पाहिजे, फवारणीच्या औषधाचा किंवा केमिकलचा फुकट भेटला तरी नको, अन् पहिले रिकामा ड्रमच तासभर चांगला जाळ लावून तापवा म्हणजे रंग जळून जाईल. जाळी जस्त चढवलेली घेऊ नका, तापली की त्याचा धूर विषारी असतो, साधी लोखंडी किंवा स्टीलची सळई टाका. कोळसा एकाच बाजूला लावा, त्यावर पांढरी राख चढली की मगच कणसं, पनीर, चिकन ठेवा, लेगपीस बिनकोळशाच्या बाजूला सरकवून हळू शिजू द्या.

राहिलेल्या 11,000 मधल्या 6,000 ला यंदा हात लावू नका, अन् हप्त्याचे ते 2,900 आता एप्रिलपासूनच बाजूला टाकत जा, जूनपर्यंत 8,700 होतात, तेवढी उधारी कमी उचला. डिसेंबरात कापूस विकला की मोजा, ड्रम किती वेळा पेटला. दहाच्या वर गेला असेल तर मोठं ग्रिल रोखीनं घ्या, मी स्वतः नाही म्हणणार नाही.

एक राहिलंच, तुम्ही शेडची जागा गोठ्यामागं लिहिलीय. तिथं कुटाराची, म्हणजे सुक्या भुशाची, गंजी अन् पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग आहे असंही तुम्हीच लिहिलंय. मे मधला संध्याकाळचा वारा तुम्हाला माहीत आहे. ड्रम समोरच्या अंगणात, विहिरीच्या बाजूला लावा, अन् दोन बादल्या पाणी भरून ठेवल्याशिवाय काडी ओढू नका.