विस्मरणात गेलेल्या जुन्या बिअर घरी बनवून पुन्हा जिवंत करता येतात का? पुण्यात सुरुवात कुठून करावी?

येतात. मी स्वतः पाहिलेला दाखला पोलंडचा आहे. नोकरीनिमित्त मी दोन वर्षं पोझनानला होतो. तिथून जवळच ग्रोजिस्क नावाचं गाव आहे. ओकच्या धुरावर सुकवलेल्या गव्हाच्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, बिअर तिथे कित्येक शतकं बनायची, तिचं नाव ग्रोजिस्किए. अल्कोहोल जेमतेम 3 टक्के, रंग फिका, फेस भरपूर. 1993 साली तिथली ब्रुअरी बंद पडली आणि बिअरही संपली. ती परत आणली घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांनी. जुन्या कामगारांना गाठलं, जपून ठेवलेलं यीस्ट मिळवलं, घरच्या भांड्यांत पुन्हा पुन्हा करून पाहिलं. 2015 मध्ये गावातली ब्रुअरी परत सुरू झाली. मी ही बिअर तिथल्या एका सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिकलो.

आता पुण्याचं. आधी कायदा: महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती दोन लिटर का असेना. म्हणून मी इथे घरी फक्त माल्ट करतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. रेसिपी कुठेही मिळते, पण धान्याला मोड कसे आणले आणि ते कशावर सुकवलं, जुन्या बिअरची चव त्यातच असते.

नाचणीचं सत्त्व घरी होत असेल तर हे काम तुम्हाला परकं वाटणार नाही. पुण्यात माल्ट करणं डिसेंबर-जानेवारीतच जमतं, एरवी उष्म्याने बुरशी धरते. गहू रात्रभर भिजवायचा, मध्ये दोनदा पाणी बदलायचं, ओल्या सुती कापडावर पसरायचा आणि दिवसातून तीन-चारदा हाताने उलथायचा, नाहीतर खालचे दाणे तापून आंबतात. कोंब दाण्याएवढा झाला की थांबायचं. धूर ओल्या दाण्यालाच द्यायचा. ओला दाणा धूर पितो, वाळलेल्याला तो नीट लागत नाही. शेगडी लांब ठेवा. दाणे कोमट राहायला हवेत, फार तापले तर पिष्टाची साखर करणारी विकरं मरतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. ओक मिळाला नाही म्हणून मी आधी बाभूळ जाळून पाहिली, वास फार उग्र आला. आंब्याचं लाकूड सौम्य निघालं.

माझा एक मित्र परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत काम करतो. त्याच्या मालकांनी एका छोट्या घाण्याला हो म्हटलं. पहिल्या वेळी गव्हाला तूस नसल्याने मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला भरडलेला माल्ट, तळाशी गच्च बसला, रस थेंबभरही गळेना. चार तास आम्ही पळीने ढवळत होतो. दुसऱ्या वेळी मावळातून भाताचं तूस आणलं, धुऊन मिसळलं, आणि नळातून स्वच्छ, सोनेरी रस वाहायला लागला. तीन आठवड्यांनी पहिला घोट घेतला आणि शेतावर, आगटीपाशी बसून खाल्लेला हुरडा आठवला.

तिथल्या फळ्यावर मात्र आम्ही ‘धुरकट गहू’ एवढंच लिहिलं. ओकच्या धुराशिवाय तिला ग्रोजिस्किए म्हणणं मला पटत नव्हतं.