मॅट घ्या, पण आधी खालची फरशी पाहा

प्रश्न : नमस्कार सर, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. जिनिंगचं एक जुनं गोदाम मंडळाला भेटलं, खाली कोटा फरशी आहे. सकाळी पोट्टे बॅडमिंटन खेळतात अन् संध्याकाळी पोरींची कबड्डी. यंदा दोन पोरींचे गुडघे गेले, पोट्ट्यांच्या नडग्या ठणकून राहिल्या. वर्गणी जमली आहे. कोणी म्हणते लाकडी फ्लोअर करा, कोणी म्हणते पीव्हीसीचा (प्लास्टिकचा) रोल चिकटवा, सरपंच म्हणतात कबड्डीच्या मॅटवरच दोन्ही खेळा. काय करावं?

उत्तर : भाऊ, सरपंचांना नमस्कार सांगा अन् ती मॅटवर बॅडमिंटनची गोष्ट तिथंच थांबवा. कबड्डीची मॅट पडायसाठी असते, धावता धावता चटकन वळायसाठी नाही, बॅडमिंटनचा बूट तिच्यात रुतला की घोटा मुरगळलाच समजा.

गावातले म्हातारे म्हणतील, आम्ही मातीवर खेळलो, आम्हाला काही झालं नाही. बरोबरच आहे त्यांचं! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली ती मातीतच घडलेली. पण ती माती खणून, पाणी मारून मोकळी केलेली असते, ती दबते. कोटा दबतो का? पोट्टा स्मॅश मारून खाली आला की सगळा दणका परत त्याच्याच नडगीत. इनडोअर फ्लोअरचं युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन 14904, त्यात काँक्रीटच्या तुलनेत फ्लोअरनं किमान 25 टक्के दणका खायला पाहिजे असं धरतात. त्यातच फरशीवर बुटाला किती ग्रिप मिळते त्याचं पण माप आहे, लोलकाच्या यंत्रावर 80 ते 110. कमी असली तर पाय घसरते हे सगळ्यांना कळते, पण जास्त असली तर पाय जागेवर चिकटते अन् अंग फिरते, अन् मधात गुडघा सापडते. म्हणून दुकानदार ‘एकदम ग्रिप आहे साहेब’ म्हणाला की भुलू नका.

लाकडी फ्लोअर खेळायला सगळ्यात छान, पण टिनाच्या शेडमध्ये नको. वैशाखात लाकूड सुकून फटी पडतात, श्रावणात तेच फुगते, अन् वाळवीला तं आमंत्रणच.

राहिली पीव्हीसी. खाली फोमचा थर असलेली, 4.5 ते 8 मिलिमीटर जाडीची मिळते, बॅडमिंटनला चांगली. पण तुम्ही खारपाण पट्ट्यातले, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. आमच्या इथल्या एका हॉलमध्ये भर मे महिन्यात रोल चिकटवला, काय गुळगुळीत दिसत होता, फोटो काढले, नारळ फुटला. ऑगस्टमध्ये जॉइंट उघडले अन् मधात पापडासारखे फुगे, पाय दिला की पच्च. कोपरा उचलून पाह्यला तर खाली पांढरा लोणा (मिठाचा थर) अन् डिंकाची चिकट लापशी झालेली. ठेकेदार म्हणते तुम्हीच पाणी मारलं असन. पाणी कोणी मारलं नव्हतं हो, ते जमिनीतून वर आलं होतं.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एक काम करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, कोट्याच्या सांध्यावर ठेवा, चारही बाजूनं टेप मारून हवाबंद करा अन् कमीत कमी 16 तास तसंच राहू द्या. चार-पाच ठिकाणी करा, अन् उन्हाळ्यात नाही, भर पावसाळ्यात करा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली तर काही चिकटवायचं नाही. मग बॅडमिंटनसाठी न चिकटवता अंथरायचे, गुंडाळून ठेवता येतील असे रोल घ्या. काळ्या मातीत बांधलेलं गोदाम आहे, फरशी खालीवर झाली असनच. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहा, खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हल करून घ्या.

कबड्डीसाठी मुलींचं मैदान 12 बाय 8 मीटर. एक बाय एक मीटरच्या मॅट घेतल्या तर 96 लागतात, पण रेषेबाहेर धरून आपटतात ना पोरी, म्हणून चारही बाजूनं एक एक मीटर वाढवा, 140 होतील. सगळी वर्गणी एकाच वेळी पुरणार नसेल तर आधी मॅट घ्या, गुडघे पोरींचे गेले आहेत. बॅडमिंटनवाले तोवर कुरकुर करतील, करू द्या.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मॅटमध्ये उन्हाळ्यात फटी पडल्या, पोरांची बोटं अडकतात. मॅट आम्ही फिनाइलनं धुऊन उन्हात वाळवतो. (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, उन्हातच तर बिघडलं. ईव्हीएची (फोमची) मॅट तापली की आकसते, अन् सगळ्या सारख्या आकसत नाहीत, मग कडेचे दात एकमेकांत बसत नाहीत. मागच्या बाजूला मार्करनं नंबर टाका, दरवेळी त्याच जागी लावा, फट राहिली तर खेळाच्या आधी वरून टेप मारा, बोटभर झाली तर ती मॅट मैदानातून काढून बाहेरच्या कडेला टाका. फिनाइल बंद करा, त्याचा थर राहते अन् घाम पडला की बुळबुळीत होते. कोरडा मॉप मारा, नंतर नीट पिळलेलं ओलं फडकं, अन् सावलीत वाळवा. दारात दोन पायपुसणे ठेवा. काळ्या मातीचे खडे मॅटवर आले की सॅन्डपेपरसारखं काम करतात.

प्रश्न : बॅडमिंटनला रनिंगचे शूज चालतात का?

उत्तर : नाही. त्यांची टाच उंच अन् मऊ असते, बाजूला झेप घेतली की घोटा वळते. नॉन-मार्किंग (फरशीवर डाग न पाडणारे), चपट्या रबरी सोलचे घ्या अन् हॉलमध्येच घाला. घरून घालून येऊ नका!