कोब्याच्या जमिनीवरील पर्मनंट मार्करचे डाग

प्रश्न : आमच्या नव्या घरात दिवाणखान्याला करड्या रंगाचा घोटलेला कोबा करून घेतला असून त्यावर गवंड्यांनी पारदर्शक सीलर लावून दिले आहे. पुढे सुतारांनी कपाटांच्या जागा जमिनीवरच काळ्या पर्मनंट मार्करने आखल्या. साबणाच्या पाण्याने त्या रेघा जराही फिकट झालेल्या नाहीत. संडास धुण्याचे ॲसिड वापरून पाहा, असे शेजारी सुचवतात. ते वापरावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ॲसिड कृपया अजिबात वापरू नका. संडास धुण्याच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सीलर जेथे पातळ किंवा झिजलेले असेल तेथे ते सिमेंटमधील चुनायुक्त घटकांना खाते, घोटाईने आलेली तुळतुळीत चमक जाते आणि जमीन कायमची खरखरीत व पांढरट होते. मार्करची शाई मात्र जागेवरच राहते. लिंबू आणि व्हिनेगर सौम्य असली, तरी तीही आम्लेच. त्यांनाही कोब्यापासून दूर ठेवावे.

पर्मनंट मार्करच्या शाईत रंग, तो पृष्ठभागाला धरून ठेवणारी राळ आणि या दोहोंना पातळ ठेवणारे, बहुतेक वेळा अल्कोहोलच्या जातीचे, द्रावक असते. रेघ ओढताच द्रावक उडून जाते आणि रंग राळेसह जमिनीला चिकटतो. ही राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. अडचण अशी की, शाई सोडवणारे द्रावक सीलरलाही सोडवू शकते. म्हणून रेघांना हात लावण्यापूर्वी तुमचे सीलर कोणत्या जातीचे आहे हे शोधणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गवंड्यांकडे सीलरचा डबा शिल्लक असेल, तर त्यावर ते पाहता येईल. ॲक्रिलिक सीलर ॲसिटोनमध्ये चटकन विरघळते आणि अल्कोहोलनेही कधीकधी मऊ पडते. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन घटक एकत्र करून लावलेले लेप पूर्ण पक्के झाले, की थोड्या वेळाच्या अल्कोहोलला चांगले टिकतात. डबा मिळाला नाही, तर पुढे कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या एखाद्या कोपऱ्यात ॲसिटोनने ओला केलेला कापसाचा बोळा मिनिटभर ठेवावा. जमीन चिकट लागली, तर लेप ॲक्रिलिक आहे असे समजावे. पाण्याचा थेंबही टाकून पाहावा. तो काही मिनिटांत मुरून तेथे गडद ठिपका उमटला, तर त्या जागी सीलर झिजले आहे किंवा लागलेलेच नाही.

आता प्रत्यक्ष काम. औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे आणि आधी त्याच झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात त्याची परीक्षा करावी. स्पिरिट जमिनीवर ओतू नये. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओलसर करून रेघेवर काही क्षण दाबून ठेवावा, उचलावा आणि दर वेळी कापडाचा स्वच्छ भाग वापरावा. पुसायचेच झाले, तर कडेकडून रेघेच्या मध्याकडे पुसावे, कारण गोल गोल घासल्याने विरघळलेली शाई पसरते आणि बारीक रेघेच्या जागी राखाडी पट्टा तयार होतो. शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने पुसून जमीन कोरडी करावी. स्पिरिट आणि ॲसिटोन हे दोन्ही भराभर पेट घेणारे पदार्थ आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि गॅस, निरांजन, उदबत्ती विझवल्याशिवाय कामाला बसू नये.

ॲक्रिलिक सीलर याने थोडे निस्तेज झाले, तर तेवढ्या भागावर त्याच जातीचा पातळ हात पुन्हा देता येतो. घासण्याचे पांढरे स्पंज मात्र टाळावेत. ते अतिबारीक पॉलिश कागदासारखे काम करतात आणि चमकत्या लेपावर मंद ठिपका सोडतात.

सीलर नसलेल्या जागी शाई सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांत उतरलेली असते व वरून कितीही पुसले तरी सावली उरते. तेथे साध्या पांढऱ्या टाल्कम पावडरीत स्पिरिट कालवून घट्ट लगदा करावा, तो अर्धा सेंटिमीटर जाड थापावा, प्लास्टिकने झाकून रात्रभर ठेवावा आणि नंतर उघडा करून पूर्ण वाळू द्यावा. वाळताना द्रावक वर येते आणि त्याच्याबरोबर शाई पावडरीत ओढली जाते. एका वेळेत डाग गेला नाही, तर पुन्हा थापावा.

ब्लीचचा विचारही मनात आणू नये. काळ्या शाईत बहुधा काजळी असते व तिच्यावर ब्लीच चालत नाही. शिवाय ते ॲसिडमध्ये मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि स्पिरिट किंवा ॲसिटोनमध्ये मिसळल्यासही विषारी द्रव्ये तयार होतात.

प्रश्न : गावच्या घरातील जुन्या लाल ऑक्साइडच्या जमिनीवरील मार्करचा डाग स्पिरिटने गेला, पण तेथे पांढुरका ठिपका राहिला. लाल रंग निघाला असेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : तसे वाटत नाही. या जमिनीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि ते स्पिरिटमध्ये विरघळत नाही. विस्कटला आहे तो बहुधा वरचा मेणाचा थर. त्या जागेवर ओले बोट फिरवून पाहावे. ती गुळगुळीत लागली आणि ओली असताना आजूबाजूइतकीच लाल दिसली, तर जमीन पूर्ण वाळवून मेणाच्या फ्लोअर पॉलिशचा अगदी पातळ हात द्यावा आणि जुन्या सुती कापडाने चमक येईपर्यंत घोटावे.